वाकणाऱ्या आरशाची परीक्षा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या गच्चीतून दुर्बीण गुरूकडे वळवा. पट्टे दिसतात न दिसतात तोच चित्र थरथरायला लागतं. दिवसभर तापलेला स्लॅब, खाडीवरचा दमट वारा, शेजारच्यांच्या एसीची गरम हवा, सगळ्यांतून प्रकाश थोडाथोडा वाकत येतो. महागातली दुर्बीण घेऊन हे टळत नाही. हवाईतल्या मौना केआच्या 4,200 मीटर उंच माथ्यावरही हवा आहेच, फक्त बरीच शांत.

अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी 1953 मध्येच तोड सुचवली होती: आलेला प्रकाश किती बिघडलाय ते सतत मोजायचं आणि आरसा तेवढाच उलटा वाकवायचा. सेकंदाला शेकडो वेळा! त्यामुळे ते प्रत्यक्षात यायला काही दशकं गेली. आज चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या एका दुर्बिणीचा दुय्यम आरसा (मुख्य आरशासमोरचा लहान आरसा) 1.1 मीटर रुंद, जेमतेम 2 मिलिमीटर जाड आहे आणि त्यामागे 1,170 ॲक्च्युएटर, म्हणजे आरशाला जागोजागी किंचित हलवणारी बारकी यंत्रं, आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनेही अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर रोबो-एओ ही अशीच यंत्रणा उभी केली.

पण खरी गंमत, माझ्या मते, आरसा दुर्बिणीवर चढण्याआधीच्या तपासणीत आहे. ताणलेल्या चादरीखालून बोट वर केलं की आजूबाजूची चादरही उचलली जाते, आरशाचंही तसंच. म्हणून एकेक ॲक्च्युएटर किंचित ढकलून पूर्ण पृष्ठभागाचा नकाशा इंटरफेरोमीटरने घेतात; हे उपकरण दोन प्रकाशकिरण एकमेकांवर पाडून पृष्ठभागाचा चढउतार मोजतं. पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात. लाल हीलियम-निऑन लेसर असेल, तर एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्यापर्यंत पृष्ठभाग साधारण 316 नॅनोमीटरने वर किंवा खाली गेलेला असतो. एवढ्या बारीक मोजणीत किरणांच्या वाटेत नुसता हात धरला, तरी तळव्याच्या उबेने पट्टे वळवळतात. टेबल हवेच्या आधारावर तरंगतं ठेवावं लागतं, वाटेतली हवाही झाकावी लागते. ज्या हवेवर इलाज शोधायचा, तीच इथेही आडवी येते!

पिझो जातीच्या, म्हणजे व्होल्टेज दिलं की किंचित लांब-आखूड होणाऱ्या, ॲक्च्युएटरची आणखी एक खोड असते. व्होल्टेज वाढवत नेताना तो जिथे थांबतो, कमी करत आणताना त्याच व्होल्टेजला तिथे नसतो. हा फरकही मोजून ठेवतात.

आणि काही ॲक्च्युएटर मेलेलेच निघतात. सगळा आरसा टाकून देणं परवडत नाही. मग वाकणारा आरसा दुय्यम आरशाहून वेगळा असेल, तर जमल्यास तो असा बसवतात, की मेलेला ॲक्च्युएटर दुय्यम आरशाच्या सावलीत जाईल. तिथे ताऱ्याचा प्रकाश पोचतच नाही.