‘असं नाही करायचं!’

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी लहान मुलांना एक नवा खेळ दाखवला. खेळ त्यांनी स्वतःच रचलेला होता आणि ‘डॅक्स’ हे त्याचं नावही बनावट. एका मोठ्या माणसाने ठोकळा ठरावीक रीतीने ढकलला, ‘याला डॅक्स म्हणतात’ असं सांगितलं. मग एक हातबाहुला आला, ‘मीही डॅक्स करतो’ म्हणाला आणि ठोकळा भलत्याच पद्धतीने पाडला. तीन वर्षांची मुलं लगेच त्याला अडवू लागली: असं नाही, असं करायचं! बाहुल्याला अडवा, असं मुलांना कुणीही सांगितलं नव्हतं. बाहुल्याच्या चुकीने त्यांचं काही बिघडतही नव्हतं. तरी त्यांना ते चाललं नाही.

2008 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. संस्कार म्हणजे मोठ्यांनी वरून ओतायची गोष्ट आणि मूल म्हणजे रिकामं भांडं, अशी आपली घट्ट समजूत असते. शिक्षेच्या धाकाने किंवा खाऊच्या लालचीने मूल नियम पाळतं, असंही आपण धरून चालतो. पण इथे धाकही नाही, खाऊही नाही. पाहिलेल्या कृतीतून मुलाने स्वतःच ‘इथे असं करतात’ हे उचललं आणि दुसऱ्याने ते पाळावं म्हणून आग्रहही धरला.

ही ओढ माणसाच्या पिल्लात किती खोल आहे, हे व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं. एका पेटीतून बक्षीस काढायचं होतं. दाखवणारा माणूस मुद्दाम काही निरुपयोगी हालचालीही करायचा. पेटी पारदर्शक असली की त्या हालचालींचा उपयोग नाही हे डोळ्यांनी दिसत होतं. युगांडातल्या अभयारण्यातल्या चिंपांझींनी त्या गाळल्या आणि थेट बक्षीस काढलं. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र सगळ्या हालचाली जशाच्या तशा केल्या. चिंपांझी हुशार आणि मुलं भोळी, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. हात कसे जोडायचे, चपला कुठे काढायच्या, पंगतीत आधी काय वाढायचं, यातल्या बहुतेक गोष्टींचं कारण मुलाला समोर दिसत नाही. कारण कळल्याशिवाय नक्कल करायचीच नाही असं मुलाने ठरवलं, तर रीतभात पुढच्या पिढीत पोचणारच नाही.

या नकलेत ‘आपले’ कोण, हेही मूल पाहतं. खेळाचा नियम आपल्यासारख्या उच्चाराने बोलणाऱ्याने मोडला, तर तीन वर्षांची मुलं जास्त हरकत घेतात. परक्या उच्चाराच्या बाहुल्याला बरीच सूट मिळते. कुणाला इजा करण्याचा प्रश्न आला की मात्र सूट कुणालाच नाही. रिवाज आणि नीती यांतला फरक इतक्या कोवळ्या वयात कळू लागतो, हे मला थक्क करतं.

आणि हे सगळं करणारा तो ‘मी’ कुठून येतो? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी 1970 मध्ये चिंपांझींना काही दिवस आरसा दाखवला, मग भूल देऊन भुवईवर आणि कानावर लाल ठिपका लावला. जागे झाल्यावर आरशात पाहून ते स्वतःच्याच ठिपक्याला हात लावू लागले. पुढच्याच वर्षी गॅलप यांनी जन्मापासून एकटे ठेवलेले चिंपांझी घेतले. त्यांना आरशातलं आपलं रूप ओळखता आलं नाही. मेंदू तोच, डोळे तेच. फक्त सोबत मिळाली नव्हती. ‘स्व’ घडायला इतरांची नजर लागते, असं समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली 1902 मध्येच सांगत होते. या केविलवाण्या पिंजऱ्यांतून त्यांच्या विचाराला जणू दुजोराच मिळाला.

माणसाची मुलं साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आरशात पाहून स्वतःच्या नाकावरचा ठिपका ओळखू लागतात. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्यावर लाजून मान वळवणंही याच सुमारास दिसू लागतं. मानसशास्त्रज्ञ मायकेल लुईस यांना ही लाज प्रामुख्याने आरशात स्वतःला ओळखणाऱ्या मुलांमध्येच आढळली. ‘मी’ आहे हे कळणं आणि लोक ‘मला’ पाहताहेत हे कळणं इतकं जवळजवळ आहे.

पण सगळीकडे क्रम एकसारखा नसतो. मानसशास्त्रज्ञ हायडी केलर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधले न्सो समाजाचे शेतकरी आणि ग्रीसमधली शहरी मध्यमवर्गीय कुटुंबं यांची तुलना केली. न्सो आया तान्ह्या बाळाला अंगाशी धरून असतात. ग्रीक आया समोर धरून डोळ्यांत पाहत बोलतात. दीड वर्षाच्या पुढे ग्रीक मुलं आरशात स्वतःला ओळखण्यात पुढे होती, तर सांगितलेलं काम करणं आणि मनाई पाळणं यांत न्सो मुलं पुढे. म्हणून आरशाच्या चाचणीवरून एखाद्या मुलाला ‘मागे पडलेलं’ ठरवणं मला साफ चुकीचं वाटतं. न्सो मूलही ‘स्व’ घडवतच असतं, फक्त त्याची सुरुवात ‘आपण’पासून होते.