आधी गाडीचं ऐका

जुलैतली सकाळ. रात्रभर कोसळून पाऊस नुकता थांबलाय. बिल्डिंगखाली लावलेल्या बाईक एकेक करून निघून जातायत आणि आपलीच तेवढी रुसून बसलीय. किकवर किक मारून घामाघूम झालेला असा माणूस परळ-लालबागच्या कुठल्याही गल्लीत पावसाळ्यात दिसतो. बाजूला दोन सल्लागार उभे असतातच. एक म्हणतो, "प्लग बघ." दुसरा म्हणतो, "पेट्रोल आहे ना?" दोघांचंही चुकत नाही, पण सेल मारल्यावर गाडी काय बोलते ते कोणीच नीट ऐकलेलं नसतं.

त्याआधी हँडलवरचा लाल किल-स्विच, म्हणजे इंजिन बंद करणारं बटण, आणि साइड स्टँड बघून घ्या. हसू नका. पार्किंगमध्ये कुणा पोराने चाळा म्हणून तो स्विच दाबलेला असतो आणि आपण अर्धा तास इंजिनाला दोष देत बसतो.

आता बटण दाबा. नुसतं 'कट्-कट्-कट्-कट्' वाजलं, तर इंजिन ठीक असण्याची शक्यता बरीच आहे. भागलेली आहे ती बॅटरी. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट धरले, तर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. बटण दाबलं की रिलेमधलं छोटं विद्युतचुंबक एक पट्टी ओढतं आणि स्टार्टर मोटरला करंट मिळतो. मोटर भुकेली असते. थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज तिच्या ओढीने इतका खाली येतो, की रिलेच्या चुंबकालाच बळ उरत नाही. पट्टी सुटते. सुटताच भार हटतो, व्होल्टेज सावरतो, चुंबक पुन्हा ओढतं. सेकंदात कित्येकदा चालणारी ही ओढाताण म्हणजे ती कटकट. "पण हॉर्न तर वाजतोय!" वाजणारच. हॉर्नला लागतो त्याच्या कितीतरी पट करंट मोटरला लागतो. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढली असेल, तरी हाच खेळ होतो. ती खरवडून नट आवळले, तर कधी कधी नवी बॅटरी वाचते.

इंजिन 'घर्र घर्र' छान फिरतंय पण पकडत नाही, तेव्हा प्रश्न ठिणगीचा किंवा पेट्रोलचा. मुंबईच्या पावसाळ्यात मी आधी ठिणगीवर संशय घेतो.

ही ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोकाशी जेमतेम ०.७ ते ०.९ मिलिमीटरची फट असते. साध्या हवेत एक मिलिमीटर ओलांडायला विजेला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये पिस्टनने मिश्रण दाबून धरलेलं असतं, त्यामुळे तिथे त्याच्या कितीतरी पट. बारा व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करण्याचं काम इग्निशन कॉइलचं. एका वेटोळ्यातला प्रवाह झटक्यात बदलला, की शेजारच्या हजारो वेढ्यांच्या वेटोळ्यात मोठा व्होल्टेज उमटतो. हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं आणि आपली गाडी आजही त्यावरच चालते.

वीज मात्र सोपी वाट शोधते. प्लग कॅपचं रबर कडक होऊन तडकलं, की पाणी आत शिरतं. निव्वळ पावसाचं पाणी तसं वीज फारशी वाहून नेत नाही. पण वरळी-दादरची खारी हवा आणि रस्त्याचा चिखल त्यात मिसळला, की प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर विजेसाठी आयती पायवाट तयार होते. दाबाखालची फट ओलांडण्यापेक्षा बाहेरूनच इंजिनाच्या धातूत उतरणं तिला परवडतं. अंधारात सेल मारला, तर वायरीवर निळसर रेघा नाचताना दिसतात. उपाय सोपा: कॅप काढा, आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, तडकली असेल तर बदला.

मेकॅनिक प्लग काढून इंजिनाच्या हेडला टेकवतात आणि "करंट येतोय" म्हणतात. या चाचणीवर माझा अर्धाच विश्वास आहे. बाहेरच्या हवेत पडणारी ठिणगी आतल्या दाबात पडेलच असं नाही. कॉइल अशक्त असेल तर तिथेच हरते. शिवाय पेट्रोलची वाफ जवळ असताना हा प्रयोग घरी करू नये.

काढलेला प्लग पेट्रोलने ओला आणि वास मारणारा निघाला, तर गाडी 'ओव्हर' झालीय, म्हणजे आत जास्तीचं पेट्रोल साठलंय. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक, म्हणजे थंड इंजिनासाठी मिश्रणात पेट्रोल वाढवणारा खटका, बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून चार-पाच किका मारल्या की जास्तीचं बाहेर जातं. (चोक ही तशी पुण्याच्या डिसेंबरची गरज, मुंबईकर तो उगाच ओढतात.) इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर टाकीखालून दोनेक सेकंद पंपाची बारीक 'झिंग' येते. ती येत नसेल, तर फ्यूज बघा.

गाडी हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात बंद पडली असेल, तर मात्र बटणाला हातच लावू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसा पाऊस लागत नाही. एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत पाणी पोचलं तरी पुरे. पिस्टन हवेला दाबून नवव्या-दहाव्या हिश्श्यात बसवतो. पाणी दबत नाही. मग वाकतो तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड. गाडी ढकलत बाहेर काढा, प्लग काढा, चावी बंद ठेवून हळूहळू किक मारा. आत पाणी असेल तर प्लगच्या भोकातून पिचकारीसारखं उडेल. मग ऑइलची काच बघा. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं, तर ते बदलेपर्यंत इंजिन सुरू करू नका.