2.91 की 2.93?

बेसबॉलमधले दोन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. बॉब गिब्सन 1959 ते 1975 सेंट लुइस कार्डिनल्सकडून खेळला. पेड्रो मार्टिनेझ 1992 ते 2009 मध्ये पाच संघ फिरला. गिब्सनचा कारकिर्दीचा ईआरए 2.91, पेड्रोचा 2.93. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, पिचरने दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी आलेल्या वगळून. क्रिकेटमधल्या गोलंदाजाच्या सरासरीप्रमाणे हाही कमी असलेला बरा. म्हणजे दोघे तोडीस तोड? मला तसं वाटत नाही.

1968 मध्ये गिब्सनचा ईआरए होता 1.12. आकडा अचाटच, पण ते वर्षच पिचरांचं होतं. 17 सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने पहिल्याच इनिंगमध्ये एक होम रन (सिक्सरसारखा मैदानाबाहेरचा फटका) दिला आणि तेवढ्यावर सामना 1-0 असा गेला, कारण समोरच्या जायंट्स संघाच्या गेलॉर्ड पेरीने कार्डिनल्सना एकही हिट (फटका मारून तळ गाठणं) मिळू दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर कार्डिनल्सच्या रे वॉशबर्नने हिशेब चुकता केला: जायंट्सना शून्य हिट! शेवटी 1969 पासून पिचरच्या पायाखालचा उंचवटा 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोनही (फलंदाजासमोरचा, चेंडू खेळण्याजोगा धरला जाणारा पट्टा) आक्रसला. उंचवटा कमी झाला की चेंडू वरून खाली येण्याचा कोन कमी होतो, आणि बॅटला तो गाठणं सोपं जातं.

पेड्रोच्या वाट्याला नेमका उलटा काळ आला. 1998 मध्ये मार्क मॅग्वायरने 70 होम रन मारले, 2001 मध्ये बॅरी बाँड्सने 73. 2000 साली अमेरिकन लीगचा (व्यावसायिक बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक, पेड्रो तेव्हा तिथेच होता) सरासरी ईआरए 4.91 असताना पेड्रोचा होता 1.74. त्याच्या खालोखाल रॉजर क्लेमेन्स, 3.70 वर. शिवाय त्या लीगमध्ये 1973 पासून पिचरच्या जागी खास फलंदाज उतरतो. गिब्सनला मात्र समोर अधूनमधून पिचर फलंदाज मिळायचा, म्हणजे जवळजवळ फुकटची विकेट.

हा फरक धरायला ‘ईआरए प्लस’ वापरतात. लीगच्या सरासरीला खेळाडूच्या ईआरएने भागायचं, मैदानाचा हिशेब धरायचा, 100 ने गुणायचं. 100 म्हणजे सर्वसाधारण पिचर. गिब्सनचा कारकिर्दीचा आकडा 127, पेड्रोचा 154. पेड्रोने 100 धावा दिल्या तिथे सर्वसाधारण पिचरने 154 दिल्या असत्या. 2.91 आणि 2.93 मधली दरी दिसते ती इथे.

पण थांबा. गिब्सनने 3,884 इनिंग टाकल्या, पेड्रोने 2,827. सुरुवात केलेल्या 482 सामन्यांपैकी गिब्सनने 255 शेवटपर्यंत स्वतःच संपवले. पेड्रोने 409 पैकी 46. दमलेल्या हाताने टाकलेल्या आठव्या-नवव्या इनिंग गिब्सनच्या 2.91 मध्ये ठासून भरल्या आहेत. पेड्रोच्या आकड्यात त्या फारशा नाहीत.