हरणं सहसा खात नाहीत ती अ‍ॅन्युअल्स (एकाच हंगामाची फुलझाडं): रोपं लावायच्या आधी वाचा

मे उजाडला की आमच्या नर्सरीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागतात, वाफ्यात नुसते दांडे उभे आणि खाली लिहिलेलं, "तुम्ही तर म्हणाला होतात हरणं खात नाहीत!" दर सीझनला तेच उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा हे पत्रक छापलंय. ट्रेसोबत घरी न्या आणि रोपं लावायच्या आधी वाचा, नंतर नाही.

हरीण तोंडच लावणार नाही असं फूल आमच्याकडे नाही, कारण तसं फूल कुणाकडेच नाही. रटगर्स युनिव्हर्सिटीने न्यू जर्सीसाठी झाडांची जी यादी केलीय त्यात चार गट आहेत आणि सगळ्यात चांगल्या गटाचं नावसुद्धा 'क्वचित नुकसान' एवढंच आहे. भुकेला कोंडा म्हणतात तसं आहे हे, आसपास दुसरं काही मिळालं नाही तर आपल्याकडची व्हाइट-टेल हरणं काहीही चावून बघतात. पण निवड बरोबर केली तर फरक खूप पडतो, त्यात शंका नाही.

उग्र वासाचं, खरबरीत किंवा लव असलेल्या पानांचं, नाहीतर विषारी असं काही हरणांना नको असतं. म्हणून सदाफुली (इथे टॅगवर व्हिंका लिहिलेलं असतं), घाणेरी म्हणजे लँटाना, एजरॅटम, साल्विया, स्नॅपड्रॅगन, अ‍ॅलिसम, अँजेलोनिया, डस्टी मिलर यातलं काहीही डोळे मिटून घ्या. गावाकडे घाणेरी कुंपणाला उपटून टाकायचो आणि इथे पैसे देऊन घ्यायची का असं बरेच जण हसून विचारतात, पण भर उन्हात, कमी पाण्यात ऑक्टोबरपर्यंत तेवढं फुलणारं दुसरं दाखवा. फक्त सदाफुली आणि घाणेरी दोन्ही पोटात गेलेल्या चांगल्या नाहीत, घरात रांगतं बाळ किंवा सगळं चघळणारा कुत्रा असेल तर जागा बघून लावा. आणि सदाफुली थंड ओल्या मातीत सडते, मेच्या मध्यापर्यंत थांबा, अ‍ॅलिसम आणि स्नॅपड्रॅगनला एप्रिलची थंडी चालते.

उलट तेरडा आणि त्याचे सगळे इम्पेशन्स भाऊबंद, पॅन्झी, सूर्यफूल, कुंडीतून खाली सोडायचा तो रताळ्याचा वेल, हे म्हणजे हरणांना पंगत. गौरींसाठी तेरडा हवाच असतो हे आम्हाला माहितीय, आम्ही विकतोही, पण काउंटरवर विचारतो की कुठे लावणार. कुंपणाच्या आत असेल तर न्या. पुढच्या वाफ्यात सदाफुलीच्या मधे लावणार असाल तर नको, कारण हरीण तेरड्यासाठी येतं आणि आलंच आहे म्हणून शेजारचं पण ओढून बघतं. जास्वंदीचंही तेच, गणपतीला फुलं हवी असतील तर कुंडी रेलिंगवाल्या डेकवर ठेवा.

आता ती चूक जिच्यामुळे तुमचा आणि आमचा दोघांचा वेळ जातो. लोक यादीतलं बरोबर रोप घेतात, शनिवारी लावतात, आणि 'हे तर खात नाहीत' म्हणून हरणांना दूर ठेवणारा वासाचा स्प्रे मारतच नाहीत. नर्सरीतून आलेलं रोप ग्रीनहाऊसमधे खत पिऊन वाढलेलं असतं, पानं कोवळी आणि रसाळ. बागेत रोज रात्री फिरणाऱ्या हरणाला ते नवीन दिसतं आणि नवीन दिसलं की ते चव घेऊन बघणार. आवडलं नाही तर थुंकेल हो, पण मुळं अजून धरलेली नसतात त्यामुळे रोप उपटून बाहेर येतं आणि सकाळच्या उन्हात वाळून जातं. त्यात मेअखेर आणि जून म्हणजे हरिणींच्या विण्याचा काळ, त्यांना खायला भरपूर लागतं, आणि आपण नेमकी तेव्हाच लागवड करतो.

त्यामुळे ज्या दिवशी लावाल त्याच संध्याकाळी स्प्रे. पानं कोरडी असताना, ऊन उतरल्यावर. मग पहिले तीन आठवडे नवी पानं फुटतील तसा आणि जोराचा पाऊस झाला की परत, बाकी बाटलीवर लिहिलंय तसं. चांगले चालणारे बहुतेक स्प्रे सडक्या अंड्याच्या वासाचे असतात, अंडं नको असणाऱ्यांसाठी पुदिन्याच्या तेलाचा पण ठेवलाय, तो जरा लवकर लवकर मारावा लागतो. तुळशीवर कुठलाच मारू नका, तिला हरणं सहसा हात लावत नाहीत. साबणाच्या वड्या, सलूनमधले केस वगैरे दोन दिवस चालतं मग हरणांना सवय होते.

फोटो पाठवताना दांड्याचं टोक जवळून काढा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, टोक फाटलेलं दिसतं. सुरीने तिरकं कापल्यासारखं स्वच्छ दिसलं तर तो ससा, त्याला दोन-अडीच फूट उंच बारीक जाळी पुरते आणि सगळा दोष हरणाला द्यायचं कारण नाही.

खाल्लेल्या रोपांचे पैसे आम्ही परत देत नाही, दिले तर सगळ्यांनाच भाव वाढवावे लागतील. पण आमची रोपं मोठ्या स्टोअरमधल्यापेक्षा बुटकी का दिसतात तेही सांगतो, विक्रीआधी आठवडाभर आम्ही खत कमी करून ती बाहेर उघड्यावर ठेवतो म्हणून पानं जाड होतात. दिसायला उन्नीस-बीस, पण टिकतात. पूर्ण ट्रे घेणाऱ्याला स्प्रेची छोटी बाटली कमी भावात देतो.

दसऱ्याचा झेंडू: छोटा फ्रेंच झेंडू बऱ्यापैकी सुरक्षित, मोठ्या केशरी झेंडूच्या कळ्या मात्र कधीकधी खुडल्या जातात, म्हणून कळ्या धरल्या की परत स्प्रे, आणि तोरणाला फुलं लागणार असतील तर तोडायच्या आधी पुरेसे दिवस बंद करा नाहीतर दारात वास येईल. दसऱ्यासाठी आम्ही मोठ्या झेंडूची दुसरी बॅच वेगळी पेरतो. ती जूनअखेरपर्यंत सांगितलेल्यांनाच मिळते, काउंटरवर नाव आणि किती रोपं ते लिहून जा.