झोपेतून पाठवलेली खूण

समजा, स्वप्नात तुम्ही बेळगावच्या बसस्थानकावर आहात. निपाणीची गाडी लागलीय, कंडक्टर म्हणून शाळेतले कानडीचे मास्तर तिकिटं फाडतायत आणि खिडकीतून गोकाकचा धबधबा दिसतोय. यातलं काहीच खटकत नाही. पण क्वचित कुणाला मध्येच उमगतं, की हे स्वप्न आहे. तरी जाग येत नाही, स्वप्न चालूच राहतं. अशा स्वप्नाला ‘ल्युसिड’ म्हणतात. हे नाव डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हॅन ईडन यांनी 1913 साली रूढ केलं.

असा अनुभव सांगणारे पुष्कळ होते, पण शास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. माणूस क्षणभर जागा झाला असेल, ही त्यांची शंका रास्तच होती. उठल्यावर सांगितलेली हकिकत पुरावा कशी धरायची? खूण झोपेतूनच यायला हवी, आणि पंचाईत इथंच होती. ठळक स्वप्नं बहुतेक ‘आरईएम’ झोपेत, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे भिरभिरत असतात त्या टप्प्यात पडतात आणि त्या वेळी मेंदूचा देठ स्नायूंना जाणारे हुकूम अडवून धरतो. हातपाय लुळे पडतात. (बरंच आहे ते, नाहीतर स्वप्नात पळणारे रोज पलंगावरून खाली आले असते.) यातून डोळ्यांचे स्नायू मात्र सुटतात. झोपेतली डोळ्यांची ही भिरभिर शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 मध्ये नोंदवली होती.

इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी नेमका याचाच फायदा घेतला. स्वप्नात भान आलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवायचे, असं प्रयोगात झोपणाऱ्या अ‍ॅलन वर्सली यांच्याशी ठरलं. एप्रिल 1975 मध्ये यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. मेंदूच्या लहरी त्या वेळी झोपेच्याच होत्या. पुढं स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

2021 मध्ये तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारले. आठातून सहा गेले, तर उरले किती? एकानं डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. अशा 158 प्रयत्नांत बरोबर उत्तरं सुमारे 18 टक्के होती आणि निम्म्याहून जास्त वेळा काहीच उत्तर आलं नाही. तरी मला हा आकडा थक्क करणारा वाटतो.

हे शिकता येतं का? एक जुनी युक्ती अशी, की दिवसभरात एखादी पाटी वाचायची, नजर हटवायची, पुन्हा वाचायची. ही सवय स्वप्नातही उतरली, तर तिथं दुसऱ्यांदा अक्षरं बहुधा बदललेली असतात आणि हे स्वप्न आहे, हे उमगतं. पाटी कानडीत की मराठीत यावर इथं भांडणं होतील, पण या कामाला दोन्ही चालतात. नुसत्या या सवयीनं मात्र फारसं साधत नाही. ऑस्ट्रेलियात डेनहोम अ‍ॅस्पी यांनी 2017 मध्ये तिला दुसऱ्या युक्तीची जोड दिली. पाचेक तासांनी उठायचं आणि ‘पुढच्या स्वप्नात मला हे स्वप्न आहे याची आठवण राहील’ असं घोकत परत झोपायचं. घोकून झाल्यावर पाच मिनिटांत ज्यांचा डोळा लागला, त्यांना जवळपास निम्म्या वेळा यश आलं. कूस बदलत वाट पाहणाऱ्यांच्या वाट्याला ते फार कमी आलं.