रॉकेटमधून सोडलेले चमकते ढग : संधिप्रकाशाचीच वेळ का?

हवामानाचे फुगे साधारण 35 किलोमीटरपर्यंत चढतात आणि फुटतात. उपग्रह 150 किलोमीटरच्या खाली फार काळ टिकत नाहीत. या दोहोंमधल्या पट्ट्यात वारा कसा वाहतो हे कळायचे कसे? 1950 साली भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बेट्स यांनी रॉकेटमधून सोडियम सोडण्याची कल्पना मांडली. 1955 मध्ये न्यू मेक्सिकोतून ती प्रत्यक्षात आली. असा चमकता ढग वाऱ्याबरोबर सरकतो, त्यावरून वारा कळतो.

सोडियमचे तुकडे थर्माइटमध्ये, म्हणजे प्रचंड उष्णतेने जळणाऱ्या धातूच्या भुकटीत, मिसळून पेटवले की त्या उष्णतेने धातूची वाफ होते. ही वाफ स्वतः जळत नाही. ती सूर्यप्रकाशातला 589 नॅनोमीटरचा नारिंगी-पिवळा प्रकाश शोषते आणि तोच पुन्हा फेकते, म्हणून काही किलो सोडियमही डोळ्यांना दिसतो. त्यासाठी ढग उन्हात आणि पाहणारा अंधारात हवा. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश असताना पृथ्वीची सावली डोक्यावर सुमारे 35 किलोमीटर उंचीपर्यंत असते, 10 अंशांवर जवळपास 100, 12 अंशांवर 140. ढग 100 ते 200 किलोमीटरवर सोडायचा तर हाती उरतो तो पहाटेचा किंवा संध्याकाळचा थोडासा वेळ.

21 नोव्हेंबर 1963 ला थुंबा येथून उडालेल्या नाईकी-अपाची रॉकेटची वेळही म्हणूनच संध्याकाळची होती. रॉकेट अमेरिकेचे, सोडियमचे उपकरण फ्रान्सचे. भारताचा अवकाश कार्यक्रम या नारिंगी ढगाने सुरू झाला, ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या ढगांनी नुसत्या डोळ्यांना दिसेल असा एक शोध दिला. रॉकेटने मागे सोडलेली सोडियमची रेघ सुमारे 105 किलोमीटरच्या खाली गाठी पडून विस्कटते, त्यावर मात्र ती गुळगुळीत राहते. हवा घुसळून मिसळणे जिथे थांबते, ती सीमा आकाशात अशी उमटलेली दिसते. शिवाय 100 ते 110 किलोमीटरच्या थरात वारा अनेकदा सेकंदाला 100 मीटरहून अधिक वेगाने वाहतो, हे अशाच शेकडो मोजमापांतून पुढे आले.

संधिप्रकाशाची अट सुटली ती ट्रायमिथाइल ॲल्युमिनियममुळे. हे द्रव हवा लागताच पेट घेते, म्हणून हाताळायला धोक्याचे. वरच्या थरातल्या अणुरूप ऑक्सिजनशी संयोग झाला की ते स्वतःच निळसर पांढरे चमकते. त्यामुळे ते मध्यरात्रीही वापरता येते. 27 मार्च 2012 ला व्हर्जिनियातील वॉलॉप्स या नासाच्या तळावरून सुमारे पाच मिनिटांत पाच रॉकेटे सोडून रात्रीच्या आकाशात अशाच पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या.

बेरियमचा उपयोग वेगळा. उन्हात त्याचे अणू साधारण अर्ध्या मिनिटात विद्युतभारित होतात. मग उदासीन अणूंचा हिरवट ढग वाऱ्याबरोबर जातो आणि आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, जांभळट ढग पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेवर लांबट ताणला जातो. जर्मनीतल्या गार्चिंगच्या संशोधक गटाने 1960 च्या दशकात हे तंत्र विकसित केले. 27 डिसेंबर 1984 ला बेरियमचाच वापर करून पॅसिफिकवर कृत्रिम धूमकेतू तयार केला गेला.

29 जून 2017 च्या पहाटे वॉलॉप्सच्या रॉकेटने ढग सोडणाऱ्या, शीतपेयाच्या कॅनएवढ्या दहा डब्या मुख्य भागापासून दूर फेकल्या. त्याआधी हे उड्डाण अनेकदा पुढे ढकलले गेले होते. वैताग येतो हे खरे, पण कारण पक्के असते. ढगाची जागा दोन वेगळ्या ठिकाणांहून, ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर काढलेल्या छायाचित्रांतून त्रिकोणमितीने ठरते. एका ठिकाणी जरी आभाळ भरले तरी मोजमाप वाया जाते.

पाहणाऱ्याला अंतर महत्त्वाचे. 150 किलोमीटर उंचीवरचा ढग 300 किलोमीटर दूर असेल तर क्षितिजापासून सुमारे 25 अंशांवर दिसतो, 600 किलोमीटरवरून 11 आणि 1,000 वरून जेमतेम 4. इतक्या खाली झाडे आणि धूसर हवाच आडवी येते. छायाचित्रासाठी रुंद कोनाचे भिंग आणि 4 ते 8 सेकंद उघडे शटर पुरे. त्याहून जास्त वेळ उघडे ठेवले तर ढगातल्या बारीक गाठी पुसल्या जातात.

22 डिसेंबर 2017 ला कॅलिफोर्नियाभर दिसलेला प्रचंड पिसारा मात्र यातला नव्हता. तो फाल्कन 9 रॉकेटच्या धुरावर पडलेला सूर्यप्रकाश होता. 9 डिसेंबर 2009 चे नॉर्वेवरचे चक्रही बिघडून गरगरणाऱ्या रशियन बुलावा क्षेपणास्त्राचे. धुराचा पिसारा रॉकेटमागे धावत उघडतो. सोडलेला ढग ठिपक्यासारखा उमटतो, फुगतो आणि मग वारा नेईल तिकडे सरकतो.