बाहुल्या व गोष्टींद्वारे संगणकशास्त्राचे शिक्षण

संगणकशास्त्रातील मूलभूत संकल्पना बाहुल्यांच्या संवादांतून आणि गोष्टींतून शिकविण्याची ही पद्धत मुख्यतः पूर्वप्राथमिक व प्राथमिक वयोगटासाठी वापरली जाते. तीत संगणक समोर असावाच लागतो असे नाही. कारण क्रमवार सूचना, अट, पुनरावृत्ती, शोध या गोष्टी यंत्राविनाही समजावून देता येतात.

बाहुली येथे शिक्षकाची नव्हे, तर सांगितले तेवढेच करणाऱ्या आज्ञाधारकाची भूमिका घेते. ‘तीन पावले पुढे जा आणि पेटी उघड’ असे मुलांनी सांगितले आणि पेटी डावीकडे असली, तर बाहुली तीन पावले चालून हवेतच झाकण चाचपू लागते. मुले हसतात आणि कोणती पायरी सुटली ते शोधू लागतात. प्रोग्रॅममधील दोष काढणे ते हेच. फजिती बाहुलीची होत असल्याने बुजरे मूलही दुरुस्ती सुचवायला पुढे येते.

गोष्ट मात्र ‘हे कशासाठी करायचे’ याचे उत्तर पुरवते. राजवाड्याच्या ओळीने असलेल्या १०० दालनांपैकी एकात किल्ली आहे आणि उघडलेल्या प्रत्येक दारापाशी ‘पुढे’ किंवा ‘मागे’ एवढेच कळते, अशी गोष्ट रचली, तर पहिल्या दारापासून निघालेल्या पात्राला शंभरही दारे उघडावी लागू शकतात. दर वेळी उरलेल्यांपैकी मधले दार उघडणाऱ्याला जास्तीत जास्त ७ पुरतात. निम्मे निम्मे करत जाणाऱ्या या पद्धतीला द्विभाजन शोध म्हणतात; तिची व्याख्या यानंतर सांगितली तरी चालते.

१९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट, वॉली फॉइरझाइग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी घडविलेल्या ‘लोगो’ या प्रोग्रॅमिंग भाषेत पुढे सूचनांप्रमाणे फिरणारे कासव आले आणि मुले स्वतःला त्याच्या जागी कल्पून सूचना देऊ लागली. १९९० च्या दशकात टिम बेल, इयान विटन व माइक फेलोज यांनी विकसित केलेल्या ‘कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ या उपक्रमात चिखलाने भरलेल्या शहराची गोष्ट आहे. सर्व घरे कमीत कमी फरसबंदीत जोडण्याचा तो प्रश्न आलेख सिद्धांतातला, म्हणजे बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणितातला आहे. २०१४ मधील ‘स्क्रॅचज्युनिअर’ या प्रोग्रॅमिंग ॲपने ५ ते ७ वर्षांच्या मुलांना पडद्यावरची पात्रे हलवून स्वतःच गोष्टी रचण्याची सोय दिली. (प्रौढ संशोधकांनाही गोष्टीचे वावडे नाही, काही संगणक बिघडलेले असूनही बाकीच्यांचे एकमत कसे व्हावे, हे फितूर सेनापतींच्या रूपात मांडणारा १९८२ चा ‘बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न’ ही तशीच एक कथा आहे.)

बोलक्या बाहुलीमुळे संगणकालाही मन असते, असा मुलांचा समज होण्याचा धोका असतो. म्हणून त्याच सूचना नंतर बाण काढलेल्या कार्डांवर मांडून दुसऱ्या मुलाकडून अमलात आणवतात. बाहुली चालविणाऱ्याने दया येऊन सूचनेमागचा हेतू ताडला आणि पेटी स्वतःच उघडली, तर पाठ फसतो.